घरातली डीएससी सॉफ्टवेअरला चालेल का?

माजलगावच्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. त्यानं कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवलंय. दुकानदार इन्स्टॉल करायला गेला की विंडोज निळी खिडकी दाखवतं, प्रकाशक अनोळखी. गडी घाबरतो, पैसे अडतात. घरात ई-टेंडरची डीएससी आहे, तीच वापरू का?

नाही चालणार. ती कागदपत्रांवरच्या सहीसाठी. डिजिटल सातबाऱ्यावर तलाठ्याची सही असते ना, त्यातलाच प्रकार. प्रोग्रामला वेगळं कोड साइनिंग सर्टिफिकेट लागतं, तेही विंडोज ज्यांना मानतं त्याच संस्थांचं. स्वतः बनवलेलं सेल्फ साइन्ड आपल्या मशीनवर टेस्टिंगपुरतं ठीक, दुकानदाराच्या पीसीला त्याचं काय?

मग कोणतं घ्यायचं? फर्म रजिस्टर असेल तर ओव्ही, एकटेच असाल तर स्वतःच्या नावाचं आयव्ही. ईव्ही महाग असतं. विकणारे म्हणतात, 'घ्या, इशारा लगेच जातो.' ते खरं होतं, पण २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती सवलत काढली. विंडोजचे ड्रायव्हर बनवत नसाल तर माझ्या मते ईव्हीचे पैसे वाचवा. मात्र ओव्ही घेतलं तरी पहिल्या काही दुकानांत इशारा येऊ शकतो. फरक एवढाच की अनोळखीच्या जागी तुमचं नाव दिसतं, आणि लोक वापरतील तशी त्या नावाची पत वाढते.

आता टोकनचं बघू. १ जून २०२३ पासून सहीची खासगी किल्ली यूएसबी टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. आपल्याकडं डीएससी आणि तिचा पिन बिनधास्त ऑनलाइन सेंटरवाल्याकडं ठेवतात. हे टोकन असं ठेवू नका, लई महागात पडंल! २०१० च्या स्टक्सनेट व्हायरसवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सही होती. विंडोजनं ती मानली.

एकदम तीन वर्षांचं घेण्याचा बेत असेल तर तेही बंद झालंय. १ मार्च २०२६ पासून नवं सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४६० दिवसांचं. म्हणून सही करताना साइनटूलला टाइमस्टँप सर्व्हरचा पत्ता द्याच. मुदत संपली तरी आधीची सही ग्राह्य राहते. टाइमस्टँप नसेल तर गेवराईच्या दुकानात पेनड्राइव्हवर पडलेला तुमचा सेटअप मुदतीनंतर पुन्हा अनोळखी.