पैजेचा भाव आणि वर्तमानपत्राची बातमी

निवडणुकीचे वारे वाहू लागले, की "यंदा कोण येणार?" हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. कुणी जाणत्याला विचारतो, कुणी ज्योतिष्याला. अमेरिकेत मात्र आणखी एका ठिकाणी विचारण्याची जुनी चाल आहे. ते ठिकाण म्हणजे पैजेचा बाजार. या बाजारातला भाव बातमी म्हणून छापावा काय, आणि छापल्यास तो आपण कसा वाचावा, एवढ्यापुरताच आज विचार करू.

प्रथम हा बाजार चालतो कसा ते पाहू. समजा, एक चिठ्ठी विक्रीला आहे. अमुक उमेदवार निवडून आला, तर ती बाळगणाऱ्यास एक डॉलर मिळेल. तो पडला, तर चिठ्ठी रद्दी. आता ही चिठ्ठी 60 सेंटला विकली जात असेल, तर घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या मते त्या उमेदवाराची शक्यता शेकडा 60 आहे, असा अर्थ लावतात. यामागचा युक्तिवाद असा, की नुसते मत द्यायला काही पडत नाही. पदरचे पैसे लावताना माणूस दहादा विचार करतो. हजारो लोकांपाशी विखुरलेले ज्ञान बाजारातल्या किमतीत एकवटते, असे अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी 1945 साली मांडले होते. त्याच विचाराचा हा विस्तार म्हणा ना!

गोष्ट तशी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर अध्यक्षीय निवडणुकीवर उघड पैजा लागत, आणि तिथली मोठी वर्तमानपत्रे त्यांचे भाव छापीत. शास्त्रीय मतचाचणी तेव्हा जन्मायची होती. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा हे भाव बहुतेक वेळा खरे ठरल्याचे दिसून आले. फसले ते 1916 साली. भाव ह्यूज यांच्या बाजूचा होता. पण कॅलिफोर्नियातल्या 4 हजारांहूनही कमी मतांच्या आघाडीने विल्सन तरले. 1988 साली आयोवा विद्यापीठाने संशोधनासाठी असाच एक छोटा बाजार उघडला. आता पॉलिमार्केट आणि कल्शी यांसारख्या कंपन्यांनी त्याचा मोठा व्यापार केला आहे. डिसेंबर 2025 मध्ये तर सीएनएन या वृत्तवाहिनीने कल्शीचे आकडे आपल्या बातम्यांत वापरण्याचा करार केला. तेव्हा हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही.

2024 सालचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबरात मतचाचण्या ट्रम्प आणि हॅरिस यांना जवळजवळ बरोबरीत दाखवीत होत्या. पॉलिमार्केटवर मात्र ट्रम्प यांचा भाव 60 सेंटच्या वर चढला. बाजाराचा कौल म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वार्ताहरांनी शोध घेतला, तेव्हा काय निघाले? चार खात्यांतून सुमारे 3 कोटी डॉलर लागले होते, आणि ती चारही खाती एकाच फ्रेंच गृहस्थाची! पुढे ट्रम्प निवडून आले, गृहस्थांना घबाड मिळाले. मग बिघडलं कुठं, असे कुणी म्हणेल. पण पुढचे ऐका. या गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने चाचणी करवली होती, आणि तीत लोकांना "तुमचे शेजारी कुणाला मत देतील?" असे विचारले होते. निवडणुकीनंतर वॉल स्ट्रीट जर्नलने हे प्रसिद्ध केले. खरी बातमी ती होती. भावाच्या पोटात ती दडलेली होती, पण भाव ती सांगत नव्हता. वार्ताहराला ती शोधून काढावी लागली.

दुसरी अडचण जरा गमतीची आहे. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलै 2025 पूर्वी सूट घालतील काय, यावर 20 कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली. जूनमध्ये हेगच्या नाटो परिषदेला ते काळ्या जाकिटात आले. त्याला सूट म्हणायचे का? निकाल विश्वसनीय वृत्तसंस्थांच्या एकमताने लागावा, असा नियम होता. अनेक पत्रांनी सूट म्हटले; तरी बाजाराने अखेर "नाही" असाच निकाल दिला. आता पाहा, वर्तमानपत्राने बाजाराकडून बातमी घ्यायची आणि बाजाराने वर्तमानपत्राकडून निकाल! वार्ताहराच्या एका शब्दावर कोट्यवधी डॉलर फिरू लागले, की तो शब्द विकत घ्यायला कुणीतरी निघणारच. म्हणून ज्याने बातमी लिहायची, त्याने त्या गोष्टीवर पैज लावता कामा नये.

कधी या बाजारातून धागा मिळतो, हेही खरे. 3 जानेवारी 2026 रोजी अमेरिकन सैन्याने व्हेनेझुएलाचे मादुरो यांना पकडले. ते सत्तेवरून जाणार, यावर एका अनाम खातेदाराने थोड्याच वेळापूर्वी पैसे लावले होते. त्याला 4 लाख डॉलरहून अधिक नफा झाला. याला आधी कुणी सांगितले? चांगल्या वार्ताहराचे काम या प्रश्नापासून सुरू होते.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. तरी निवडणूक आली, की राजस्थानातल्या फलोदीच्या सट्ट्याचे आकडे आपली पत्रे छापतातच. अमेरिकेत निदान खाती तपासता येतात. फलोदीत पैसे किती आणि कुणाचे, हे वाचकाला कळायला मार्गच नाही. 2024 साली तिथला अंदाज भाजपला 300च्या आसपास जागांचा होता, मिळाल्या 240.

तेव्हा असा आकडा वाचनात आला, की संपादकाला तीन प्रश्न विचारा : पैसे किती लागले आहेत? लावणारे किती जण आहेत? आणि पैज नेमक्या कोणत्या शब्दांवर आहे? उत्तरे आकड्याशेजारीच छापलेली असतील, तर तो जरूर विचारात घ्या. नसतील, तर कट्ट्यावरच्या गप्पांइतकेच त्याला महत्त्व द्या, आणि मत द्यायला जाताना तो घरीच ठेवून जा.