वस्तऱ्याची पिन काढताना

आजचा भाग छोटा आहे, पण हाताला काम देणारा. जुन्या वस्तऱ्याच्या मुठीतली पिन कशी काढायची, ते सांगतो.

आमचं मूळ गाव शेवगाव तालुक्यातलं. आजोबा लिंबाखाली बसून गावाच्या दाढ्या करायचे आणि सुगीला खळ्यावरून ज्वारीचं बलुतं आणायचे. त्यांच्या धोकटीतला वस्तरा आता माझ्याकडे आहे. पात्यावर ‘शेफिल्ड, इंग्लंड’ असा शिक्का. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, म्हणून असा वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजायचा.

हल्ली सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लागतं. ते योग्यच आहे. पण त्यामुळे जुने वस्तरे भंगारात किलोवर जातात. याच हत्याराने विधवांचं केशवपन व्हायचं, आणि एकोणिसाव्या शतकात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी ते काम करायला नकार दिला. एवढा इतिहास असलेली वस्तू भंगारात का घालायची?

आता कामाचं. पातं नुसतं ढिलं असेल तर पिन काढूच नका. लोखंडाच्या ठोकळ्यावर ठेवून पिनेच्या डोक्यावर हलके टोले मारले की ते घट्ट होतं. मुठीच्या आत गंज धरला असेल किंवा मूठ तडकली असेल, तरच पिन काढायची.

आधी पात्याला दोन-तीन वेढे चिकटपट्टी गुंडाळा. हे विसरायचं नाही, बरं का! पिन साधारण दीड मिलिमीटर जाडीची, बहुतेक पितळी. तिची टोकं बारीक वायसरवर ठोकून पसरवलेली असतात. एका बाजूचं डोकं सोनाराच्या बारीक कानशीने घासा. मुठीवर ओरखडा नको म्हणून भोक पाडलेली पत्र्याची पट्टी खाली ठेवा. डोकं झिजलं की वायसर सुटतो.

मग लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडा, त्यावर पिन बरोबर आणा आणि टोक सपाट केलेल्या खिळ्याने हळूहळू ठोका. पिन खाली उतरते. दोन फळ्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. शिंगाची मूठ वाळून ठिसूळ झालेली असते, ती कटकन तुटते.

दोन धोके आहेत. मूठ घासल्यावर कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे. ती चटकन पेटते, म्हणून गरम हत्यार किंवा वेगाचं मशीन तिच्याजवळ नको. दुसरं म्हणजे, शेपटाकडची पाचर शिशाची असू शकते. हातमोजे घाला आणि ती कोरडी घासू नका, शिशाची धूळ विषारी असते. आणि मूठ हस्तिदंती निघाली तर विकायचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याशी गाठ आहे.

एक हिशेब लक्षात ठेवा. पितळी तार बाजारात मिळते, पिन नवी करता येते. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ मिळत नाही. म्हणून मोडायचीच वेळ आली तर पिन मोडा, मूठ सांभाळा.

तुमच्या घरात असं एखादं हत्यार असेल तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, ते कोणाचं होतं. पुढच्या भागात धार लावायचं बघू. तोवर राम राम!