तबकडीवरची अक्षरे



संगणकाची हार्ड डिस्क बिघडली की घरावर सुतकी कळा येते. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, दुकानाचा जमाखर्च, गेलेल्या वडिलांचा आवाज, सारे त्या एवढ्याशा डबीत; आणि डबी आतून टकटक वाजू लागलेली! अशा वेळी आम्ही स्वतः काय केले ते आधीच कबूल करतो : वीसदा बंद केली, वीसदा चालू केली. आपल्याच हाताने आपले लिखाण खरवडीत होतो, हे मागाहून कळले.

ते कसे, पाहा. डबीत ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या चकचकीत तबकड्या असतात. पण येथे सुई टेकत नाही. मिनिटाला पाचसात हजार फेरे घेणाऱ्या तबकडीवरून वाचणारे टोक हवेच्या पातळ थरावर तरंगत जाते. अंतर इतके थोडे, की धुळीचा कण म्हणजे वाटेतला धोंडा. टोक मोडलेले असताना वीज देत राहिले तर ते तबकडी नांगरीत सुटते. मोडलेल्या टोकाच्या जागी दुसरे बसविता येते. चुंबकीय लेप खरवडला की त्यावरची अक्षरे कायमची गेली.

लेप शाबूत असला, तर मात्र नवल घडू शकते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकेचे अवकाशयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटले. आपल्या कर्नालची कल्पना चावला हिच्यासह सातही अंतराळवीर गेले. सुमारे सहा महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्यात यानातली एक हार्ड डिस्क सापडली. भंगारवाल्यानेही हात लावला नसता असे तिचे रूप. सील वितळून आत माती शिरलेली. मिनेसोटातील तज्ज्ञांनी तबकड्या काढल्या, रसायनाने धुतल्या, नव्या यंत्रात बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर वाचला! दैवाचाही हात होताच. डिस्क निम्मीच भरलेली होती, आणि इजा झाली ती कोऱ्या भागाला. शिवाय जुनी डॉस पद्धत मजकूर विखरून न टाकता सलग लिहीत जाई. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कांतून काहीच निघाले नाही.

वाचलेला मजकूर होता झेनॉन वायूवरील प्रयोगाचा. बाटलीतला सॉस हलविला की पातळ होऊन वाहतो. झेनॉनही एका विशिष्ट अवस्थेत ढवळला असता तसाच वागतो काय, हा प्रश्न होता. तसा तो वागतो, हे २००८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तेव्हा टकटक ऐकू आली की प्रथम वीज काढा, आणि घरी डबी उघडू नका. चुकून पुसलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी. तेथे बहुधा सूचीतली नोंद तेवढी जाते, पाने जागेवरच असतात. फक्त त्याच डिस्कवर नवे काही लिहू नये. नव्या एसएसडीत तबकडीच नसते, आणि पुसलेली पाने यंत्र आपण होऊनच लवकर कोरी करून टाकते. तिच्या मालकांनी दुसरी प्रत आजच रात्री करून ठेवावी.