आधी सलाईन का लावतात?

घरातलं साखरेचं माणूस अत्यवस्थ झालं, दवाखान्यात नेलं, की आपण बाया एकमेकींना विचारतो, "साखर एवढी वाढलीय, मग इन्सुलिनच्या आधी सलाईन कशाला?" आज तेच समजून घेऊ.

साखर फार वाढली की ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी, मीठ ओढून नेते. मोठ्या माणसाच्या अंगातलं पाच-सहा लिटर पाणीसुद्धा असं जातं. अंग सुकलं की अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही संप्रेरकं वाढतात. ती यकृताला आणखी साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात.

सलाईन गेलं की रक्तातली साखर पातळ होते, मूत्रपिंडं जादा साखर बाहेर टाकतात आणि ही संप्रेरकं उतरतात. 1979 साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवलं. पण नुसत्या सलाईननं भागत नाही. रक्तातलं आम्ल जायला इन्सुलिन लागतंच. ते देण्याआधी डॉक्टर रक्तातलं पोटॅशियम बघतात, कारण इन्सुलिननं ते आणखी उतरतं.

आपल्या हाती काय आहे? ताप-उलट्यांत जेवण गेलं नाही, तरी इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. शुद्धीत असेल तर साधं पाणी घोट घोट द्यायचं. गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही. साखर वाढलेली असताना उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला फळासारखा वास किंवा गुंगी दिसली, की सकाळची वाट बघायची नाही. लगेच 108 ला फोन करायचा.