'सहप्रवासी' : एका शब्दाची हकीकत

आगगाडीच्या डब्यात समोरच्या बाकावर बसलेल्या गृहस्थास आपण सहप्रवासी म्हणतो. त्याचे उतरण्याचे स्टेशन निराळे असले, तरी काही घटका त्याची आपली वाट एक असते. या शब्दात वास्तविक सौजन्याखेरीज काही नाही. परंतु श्रोतेहो, राजकारणात शिरताच त्याचा अर्थ कसा पालटला, ते पाहण्याजोगे आहे.

रशियन भाषेत 'पोपुत्चिक' म्हणजे वाटेचा सोबती. ट्रॉट्स्की यांनी १९२३ साली 'साहित्य आणि क्रांती' या ग्रंथात बोरिस पिल्न्याक, सर्गेय येसेनिन आदी लेखकांस हे नाव दिले. हे लेखक कम्युनिस्ट नव्हते. क्रांती मात्र त्यांनी आपली मानली होती. अशा सोबत्याविषयी एकच प्रश्न उरतो, असे ट्रॉट्स्की म्हणत : हा कोठवर येईल? शब्दात शंका होती, शिक्षा नव्हती.

पुढे १९३२ साली पक्षाने लेखकांच्या निरनिराळ्या संस्था मोडून सर्वांचा एकच संघ करण्याचे ठरविले. मधल्या स्टेशनावर उतरण्याची सोय संपली. पिल्न्याक यांना १९३८ साली गोळी घालण्यात आली. नाव देणारे ट्रॉट्स्की त्यापूर्वीच हद्दपार झाले होते.

पश्चिमेकडे, पक्षात न जाता सोव्हिएट रशियाची बाजू घेणाऱ्यांस हा शब्द लागला. तो सर्वस्वी अन्यायाचा होता असेही नाही. इंग्लंडातील सिडने व बीट्रिस वेब या विद्वान दांपत्याने १९३५ साली सोव्हिएट व्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील 'नवी संस्कृती' या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह होते. १९३७ च्या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. आणि त्याच सुमारास मॉस्कोत जुन्या क्रांतिकारकांवर खटले चालले होते!

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर याच शब्दाचा आरोप झाला. पक्षाच्या सभासदत्वास निदान पावती असते. सहानुभूतीस कसली पावती? म्हणून हा आरोप सिद्ध करण्याची गरज नसे, आणि खोटा पाडण्याचा मार्गही नसे. सिनेटर मॅकार्थी यांच्या काळात अशा नुसत्या संशयापायी कित्येक शिक्षक, नट व सरकारी नोकर उपजीविकेस मुकले.

सात पावले बरोबर चालले की सख्य जडते, अशी आपल्याकडील समजूत. त्या सख्यात माणसाने डोळे मिटू नयेत, हे खरे. परंतु कोणी किती पावले चालला, का चालला आणि कोठे थांबला, हे न विचारताच त्यास नाव ठेवणे, हा विचार नव्हे. हा शब्द जन्मला तेव्हा प्रश्न होता. तो प्रश्न म्हणूनच वापरावा, निकाल म्हणून नव्हे.