घरचा छोटा कुत्रा : शस्त्रक्रियेची तयारी आणि नंतरची शुश्रूषा

भाद्रपद लागला की आपल्या किनाऱ्यावर एकीकडे गणपतीची गडबड सुरू होते, आणि दुसरीकडे गावातले कुत्रे घर सोडतात. एरवी चुलीपाशी मुटकुळे करून पडणारा कुत्रा दोन-दोन दिवस तोंड दाखवीत नाही. येतो तो कान फाटलेला, लंगडत, अंगभर गोचिडी घेऊन. त्यानंतर दोन महिन्यांनी, म्हणजे कार्तिकात, त्याचे फळ दिसू लागते. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही मासळी बाजाराच्या मागच्या बाजूस जा. गोणपाटावर सोडून दिलेली पाच-सहा पिल्ले दिसतील. त्यांतली बरीचशी माघ महिना पाहत नाहीत.

ज्यांच्या घरी मादी आहे त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. ज्यांच्याकडे नर आहे ते मात्र म्हणतात, "पिल्ले काही आमच्या पडवीत होत नाहीत, मग आमचा काय संबंध?" आजचे माझे भाषण ह्या मंडळींसाठी आहे. त्यातही ज्यांच्याकडे चार-पाच किलो वजनाचा छोटा कुत्रा आहे, पामेरियन म्हणा की गावठीच बुटका म्हणा, त्यांनी ते जरा कान देऊन ऐकावे. गावच्या थोराड कुत्र्यांच्या झुंडीत हा सापडला तर एका चाव्यात त्याचा निकाल लागतो. शिवाय मोकाट माद्यांच्या संगाने नराच्या जननेंद्रियावर गाठी येतात. ह्या गाठी एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे संगातून पसरतात, आणि इंजेक्शनांचा लांबलचक उपचार केल्यावाचून बहुधा जात नाहीत. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा तर वेगळाच. त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की जनावर असो वा माणूस, उपाय जवळजवळ उरत नाही.

ह्या शस्त्रक्रियेला लोक "नसबंदी" म्हणतात. शब्द रूढ झाला, पण नेमका नाही. नसबंदीत नळी बंद होते. येथे दोन्ही वृषण काढून घेतात. सरकारी कागदांत त्यास "निर्बीजीकरण" म्हणतात. शेतकऱ्याला मी सोपे सांगतो : बैल खच्ची करतात, तेच हे. गंमत अशी, की पूर्वी बैल दगडांनी बडवीत, तेव्हा कोणाला पाप वाटत नव्हते. आता चिमट्याने करतात, त्यालाही कोणाची हरकत नाही. कुत्र्याचा विषय निघाला, की मात्र "बिचाऱ्याचा जन्म फुकट गेला" असे आपण म्हणतो! कुत्र्यासाठी चिमटा मागू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. त्याला पूर्ण भूल देऊनच शस्त्रक्रिया व्हायला हवी.

"मग तो राखण करील का?" हा प्रश्न हमखास येतो. करील. भुंकणे, परक्याची चाहूल लागणे, घरच्या माणसांवर जीव असणे, ह्या गोष्टी त्या दोन गोट्यांत नसतात. कमी होते ते भटकणे, मादीमागे धावणे, नरांशी भांडणे आणि दिसेल त्या खांबावर तंगडी वर करणे. तेही एका दिवसात नव्हे, काही आठवड्यांत. भित्रेपणामुळे चावणारा कुत्रा ह्याने सुधारेल, असे आश्वासन मात्र मी देणार नाही.

कुत्री मारून कमी करण्याचा प्रयोग जुना आहे. १८३२ साली मुंबईत पोलीस मोकाट कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी मंडळींनी दुकाने बंद केली आणि शहरात दंगा उसळला. मुंबईतली कुत्री त्यानंतरही कमी झाली नाहीत. २००१ साली केंद्र सरकारने निर्बीजीकरणाचे नियम केले, आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले. ह्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काम स्थानिक संस्थेचे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंताचे औषध आणि निर्बीजीकरण मालकाचे. कानाला खाच पाडलेली कुत्री आपण पाहतो, ती शस्त्रक्रिया झालेली असतात. शाळेत मुले त्यांना दगड मारतात; गुरुजींनी त्या खाचेचा अर्थ वर्गात एकदा सांगावा.

आता वेळ कोणती? भाद्रपदातली पिल्ले कार्तिकात जन्मतात, ती वैशाखात सहा महिन्यांची होतात. छोट्या जातीच्या कुत्र्याला हे वय चालते, आणि पहिला भाद्रपद यायच्या आत काम उरकते. दुसरे असे, की आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने जखम कोरडी राहणे कठीण. हवा ओली, जमीन ओली, माश्या अमाप. म्हणून मृगापूर्वी करावे, नाहीतर दिवाळी उलटू द्यावी.

आधी एकदा नुसते तपासायला न्यावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही शस्त्रक्रिया होते का, हे विचारावे. होत नसेल तर कुठे होते ते तेथेच कळेल. लशी आणि जंताचे औषध झालेले हवे. दोन्ही वृषण पिशवीत उतरले आहेत ना, हे डॉक्टर चाचपून पाहतात. एखादा पोटात राहिला असेल तर शस्त्रक्रिया मोठी होते. पण ती टाळू नये, कारण तसा राहिलेला वृषण पुढे कर्करोगाचे मूळ होऊ शकतो.

गोचिडींकडे मात्र विशेष लक्ष द्या. गोचिडीच्या चाव्याने कुत्र्याला जो ताप येतो त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात. डेंग्यूमुळे हा शब्द आता वाडीवस्तीवरही ठाऊक झाला आहे. प्लेटलेट्स कमी म्हणजे रक्त लवकर थांबत नाही. चार किलोच्या कुत्र्याच्या अंगात रक्त असते किती? सुमारे साडेतीनशे मिलिलिटर. म्हणजे फार तर दीड पेला. त्यातून दोन-चार चमचे जास्त गेले तरी त्याला ते जाणवते. म्हणून कुत्रा वरून धडधाकट दिसला तरी रक्त तपासून घ्यावे. त्या खर्चाला नाही म्हणू नये. वजनही नेमके करावे, "चार-पाच किलो असेल" असे अंदाजाने सांगू नये. भुलीचे औषध वजनावर मोजतात.

आदल्या दिवशी त्याला आंघोळ घाला, कारण पुढे दोन आठवडे घालता येणार नाही. त्यानंतर उपाशी ठेवणे. भुलीत उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली तर जिवावर बेतते, म्हणून पोट रिकामे हवे. मोठ्या कुत्र्याला साधारण आठ तास अन्न देत नाहीत. पाणी सकाळपर्यंत चालते. पण सहा महिन्यांच्या छोट्या पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरते. तेव्हा त्याच्यासाठी किती तास, हे डॉक्टरांनाच विचारा, तो आकडा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा, आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. कोकणात हा उपास मोडतो कुठे, तर मागील दारी. तेथे मासे साफ होत असतात, खळ्यात जवळा वाळत असतो, आणि घरातली म्हातारी चपातीचा तुकडा टाकल्यावाचून राहत नाही. म्हणून रात्रीच त्याला आत बांधावे. सकाळी काही खाल्लेच असेल, तर लपवू नये. डॉक्टर दिवस पुढे ढकलतील, इतकेच.

शस्त्रक्रिया फार वेळाची नसते. पिशवीच्या जरा पुढे एक लहानशी चीर असते. रिकामी पिशवी तशीच लोंबते. ती पाहून "काहीच केलेले नाही" असा वाद डॉक्टरांशी घालू नये. ती पुढे आक्रसते.

घरी आणताना टोपलीत जुनी गोधडी घाला. छोट्या जनावराचे अंग भुलीत फार लवकर गार पडते, मग बाहेर वैशाख का असेना. फरशीवर ठेवू नका. तो धडपडेल, कण्हेल. ते बहुधा भुलीचे असते. त्या गुंगीत तो घरच्या माणसालाही चावू शकतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे. ओट्यावर, खाटेवर ठेवू नये. नीट उभा राहू लागला की दोन-चार चमचे पाणी, आणि रात्री नेहमीच्या निम्मा मऊ भात. नाही खाल्ला तर आग्रह नको.

पुढचे दहा ते चौदा दिवस घरच्यांचे. जखम बिघडते ती बहुतेक वेळा चाटण्याने. कुत्र्याच्या जिभेत औषध असते ही समजूत आपल्याकडे फार आहे. तिच्यापायी टाके तुटतात. दवाखान्यात नरसाळ्यासारखी कॉलर मिळते, ती चोवीस तास ठेवावी. न मिळाल्यास एक्स-रेच्या जुन्या फिल्मची करता येते, कडेला कापड मात्र शिवावे. बाहेर न्यायचे ते दोरीने बांधूनच. उड्या नकोत, पुळणीवर धावणे नको, आणि खारे पाणी जखमेला चांगले म्हणून समुद्रात बुडविणे तर मुळीच नको. हळद, राख, रॉकेल, तंबाखू, ह्यांपैकी काहीही जखमेवर जाता कामा नये.

दुखते म्हणून घरातली गोळीही देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे छोट्या कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात. डॉक्टरांनी दिलेले तेवढेच द्यावे. (हेच डायक्लोफिनॅक गुरांना दिल्याने गिधाडे मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद झाले. म्हसळे तालुक्यातल्या चिरगावच्या मंडळींना हे सांगायला नको.)

आपल्या किनाऱ्यावरचा मोठा शत्रू माशी. वाळत्या मासळीवर माश्या घोंगावतात, आणि उघड्या जखमेवर त्यांनी अंडी घातली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. लहान बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी बहुतेक घरांत माळ्यावर पडलेली असते; झोपलेल्या कुत्र्यावर ती घाला. अळी दिसली तर फिनेल, टर्पेंटाइन न ओतता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावी. शाळेत जाणारे मूल हे काम मोठ्या माणसापेक्षा नीट करते, वहीत नोंदही ठेवते. थोडी सूज, थोडी लाली चालते. पण रक्त टपकत राहिले, पिशवी फुगून घट्ट झाली, पू किंवा घाण वास आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, उलट्या थांबेनात, किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट पाहू नये. टाके काढायचे असतील तर डॉक्टर दिवस सांगतात. त्या दिवशी उपाशी ठेवण्याचे कारण नाही.

टाके निघाले म्हणून लगेच मोकळा सोडू नका. आधी साठलेले बीज काही आठवडे उरते. महिना-दीड महिना माद्यांपासून दूर ठेवावे. पुढे त्याची भूक वाढते आणि धावपळ कमी होते, त्यामुळे तो सुटतो. दोन मुठी भात देत असाल तर दीड मूठ द्या, आणि महिन्यातून एकदा वाण्याच्या काट्यावर बसवून वजन पाहा.