शिक्षणाचे कर्ज आणि कापसाचा भाव

(घाटंजी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



प्रवेशाचा हंगाम आणि पेरणीचा हंगाम एकाच वेळी येतो, ही गोष्ट मुंबईत बसून शिक्षणाचे धोरण ठरविणाऱ्यांच्या कधी ध्यानात आलेली दिसत नाही. जून-जुलैत महाविद्यालय पहिला हप्ता मागते. त्याच वेळी या तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी बियाणे आणि खत उधारीवर उचलत असतो. त्याचा कापूस घरात यायचा तो दिवाळीच्या सुमारास. तेव्हा मुलाने काय शिकावे, हा प्रश्न येथे आवडीचा वा कुवतीचा राहतच नाही. त्या महिन्यात कोणाकडून किती पैसे मिळतील, यावर तो निकालात निघतो.

हिशेबच मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये ठरली. पाच एकरांत एकरी चार क्विंटल धरले, आणि सगळा माल याच भावाने गेला असे मानले (तसा तो जात नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको), तर १,६२,२०० रुपये येतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी आणि मागील उधारी वजा करा. खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी वर्षाला एक लाख धरली, तर एका मुलाच्या एका वर्षाच्या फीपोटी बारा क्विंटलांहून अधिक कापूस जातो. राहण्या-जेवण्याचा खर्च निराळाच.

हे नेहमीच असे नव्हते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाचा भार समाजाने उचलावयाचा, हे गृहीत होते. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक १,२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली. पुढे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला दार उघडले. त्यामुळे जागा वाढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या जिल्ह्यात पुसदला त्याच वर्षी अभियांत्रिकी महाविद्यालय आले. परंतु जागा वाढल्या त्या विकत घेण्यासाठी. कॅपिटेशन फी इतकी बोकाळली की १९८७ साली तिच्या बंदीचा कायदा करावा लागला. अनुदानाने सोडलेली जागा मग कर्जाने घेतली.

२००१ पासून बँकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आहे. तिचे गणित पाहा. चार वर्षे दरवर्षी एक लाख, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे सवलतीचे एक, एवढ्या काळात सरळव्याज १,४०,००० रुपये चढते. मग ५,४०,००० रुपये दहा वर्षांत फेडावयाचे, म्हणजे दरमहा सुमारे ७,१०० रुपये. पहिल्या नोकरीत पंधरा-अठरा हजार मिळविणारा मुलगा पुण्यात खोलीचे भाडे देऊन हे कोठून आणणार? कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मान्यताप्राप्त तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या सवलतीच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना २००९ ची. ती किती घरांना ठाऊक आहे?

खरी मेख पुढेच आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण बाप सहकर्जदार लागतो, आणि बापाचे पीककर्ज थकलेले असते. संगणकावर ती थकबाकी दिसली की मुलाचा अर्ज बाजूला पडतो. पाऊस पडला नाही म्हणून बाप थकला, आणि बाप थकला म्हणून मुलगा शिकायचा थांबला! ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची?

मुलींच्या बाबतीत सरकारने एक चांगले पाऊल टाकले आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. विरोधी पक्षात असलो तरी चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. मात्र मेस आणि खोली माफ नाही. एस.टी.चा मोफत पास मुलींना बारावीपर्यंतच मिळतो. म्हणजे यवतमाळचा रोजचा प्रवास जेव्हा सुरू व्हायचा, नेमका तेव्हा तो संपतो.

आयटीआयकडे आपण कमीपणाने पाहतो, ते सोडले पाहिजे. सरकारी संस्थेतील वीजतंत्री वा जोडारी कामाचा अभ्यासक्रम पुष्कळदा महागड्या पदवीपेक्षा लवकर पोटाला लावतो, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने पुढे विद्यावेतनही मिळते. पण गरिबाने आयटीआयला आणि श्रीमंताने अभियांत्रिकीला जावे, अशी वाटणी कोणी सुचवीत असेल, तर तिला आपला विरोध आहे. कोलामाच्या मुलाला वीजतंत्री व्हावेसे वाटले तर जरूर व्हावे. डॉक्टर व्हावेसे वाटले तर पैशासाठी अडू नये.

फी माफीची आणि वसतिगृहांची मागणी विधिमंडळात लढावी लागेल. तिला वेळ लागेल. तोवर मे महिन्यातच प्रत्येक गावी कार्यकर्त्याने बसावे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातवैधतेची कागदपत्रे, महाडीबीटीचा अर्ज, हे निकालाआधी तयार हवे. बँकेने नाही म्हटले तर नकार लेखी मागावा. वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीवाचून शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असे आदर्श योजनेतच आहे. तो कागद हाती आला की जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे मुलाला एकट्याने पाठवू नका, चार-पाच जण सोबत जा.